व्याह्यांच्या दोन बंदुका

माझ्या दुकानात नवीन माणूस शिरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब आहेत का?"

"आहेत. बसा."

तो बसतो. मी हातातली नळी पुसत राहते. जरा वेळानं तो घड्याळ बघतो, मग दाराकडं बघतो, मग माझ्याकडं वळून म्हणतो, "यायला किती वेळ लागेल त्यांना?" मी म्हणते, "आलेलीच आहे की मी." मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दसरा जवळ आला की हा कार्यक्रम रोजचा. खरं सांगायचं तर मला त्यात अजून मजा येते. या वयात करमणुकीची साधनं कमी होत जातात, मिळेल ती सोडू नये.

तर मी मोहिते अक्का. बेंगळुरूत यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागच्या गल्लीत, कांद्याच्या गोदामाला लागून माझं दुकान आहे. वडलांकडं बंदूक दुरुस्तीचा परवाना होता, त्यांना मुलगा नव्हता, आणि मला शिवणकाम येत नव्हतं. एवढ्यावर माझं भवितव्य ठरलं. आमचे पूर्वज सोळाशेच्या काळात फौजेबरोबर घोड्यावरून इकडं आले म्हणतात. फौज परत गेली, घोडे मेले, आम्ही तेवढे राहिलो. आता पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून "वा, किती छान मराठी बोलता हो तुम्ही!" असं कौतुक करतात. आम्हीही थँक्यू म्हणतो. घरी आलेल्याचा अपमान करू नये.

दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी सांगितलं, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, पण लोकांना समजेल असं लिहा. म्हणजे आजवर मी जे सांगत आले ते कुणाला समजत नव्हतं, असं त्यांना नम्रपणे सुचवायचं होतं. सरी, म्हणजे बरं. समजेल असं लिहिते.

एकोणिसाव्या शतकातल्या फौजी बंदुका जमवणारे काही लोक असतात. त्यांच्या बंदुका मी सांभाळून देते. दुरुस्ती हा शब्द मी वापरत नाही. दुरुस्ती म्हणजे बंद पडलेली वस्तू चालू करणं. माझ्याकडची वस्तू कधीच चालू होऊ नये, पण बघणाऱ्याला ती आत्ता वाजेल असं वाटावं, असलं हे काम. गंज थांबवायचा, लाकडाला वाळवी लागली असेल तर तेवढाच तुकडा काढून जुन्याच लाकडाचा तुकडा बसवायचा, हरवलेला स्क्रू त्या काळच्या आट्यांचा करून घ्यायचा. गोळी-बारुदाशी माझा काही संबंध नाही. उभ्या आयुष्यात मी एक बार काढलेला नाही. दिवाळीत लवंगी लावली तरी कानात बोटं घालते.

आणि संग्राहक म्हणजे कोण? बायकोनं नवीन मिक्सर मागितला तर "आहे तो चालतोय की" म्हणणारा, आणि स्वतः मात्र न चालणारी बंदूक विकत आणणारा माणूस. बहुतेक सगळे शुद्ध शाकाहारी. झुरळ दिसलं तर मोलकरणीला हाक मारणारे. पण बोलायला लागले की कुठल्या पलटणीनं कुठल्या खिंडीत कुठली रायफल चालवली, हे असं सांगतात की जणू हे स्वतः त्या खिंडीतून आत्ताच घाम पुसत आलेत. हेब्बाळच्या उंच इमारतीत राहणारा एक संगणकवाला तर फोटो घेऊन आला. बंदुकीचा नाही, सोफ्याचा. म्हणाला, "आंटी, या शेडला मॅच होईल असं लाकूड करता येईल?" मी म्हटलं, "सोफा बदल, स्वस्तात पडेल." त्यानं बदलला, आणि मग पडदे जुळेनात म्हणून पुन्हा आला.

आता ज्या बंदुकीमुळं हे लिहिते आहे तिच्याबद्दल. पूर्वी सगळ्या बंदुका ठासणीच्या. पुढून बारूद ओतायची, गोळी टाकायची, गजानं ठोकायची. एवढं होईपर्यंत शत्रू चहा पिऊन यायचा. मग कुणीतरी त्याच ठासणीच्या नळीचा मागचा भाग कापला आणि तिथं एक झाकण बसवलं. तपकिरीच्या डबीचं झाकण उघडतं तसं ते कडेला उघडतं. काडतूस ठेवायचं, झाकण लावायचं, चाप ओढायचा. हिला स्नायडर म्हणतात. जुन्याला नवं करायचा हा उद्योग साहेबाचा, पण डोकं अगदी आपल्या गृहिणीचं.

त्या काळी झाकण हातानं घासून घासून त्या त्या नळीला बसवायचे. म्हणून नळीवर एक नंबर आणि झाकणाच्या पोटात तोच नंबर. सतराच्या नळीला सतराचं झाकण. ते दुसऱ्या नळीला बसतं, पण नीट बसत नाही, खुळखुळतं. संग्राहकांना वेड असतं ते या नंबरांचं. सगळे भाग आपापल्या नंबरांचे असलेली बंदूक म्हणजे त्यांच्या लेखी बत्तीस गुणी सून.

आणि या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम म्हणजे घासायचं नाही. दीडशे वर्षांत लोखंडावर काळपट तपकिरी रंगाची एक साय धरते. ती साय म्हणजेच त्या वस्तूचं वय. ती काढली की उरतं ते भंगार, फक्त चकचकीत. हे जगभर सगळ्यांना माहीत आहे. फक्त आपल्याकडं खंडेनवमी आहे. नवमीला आयुधांची पूजा करायची, आणि पूजेआधी वस्तू घासायची, हे आपल्याला आईच्या पोटात असल्यापासून ठाऊक. मग वर्षभर संग्राहक असलेला माणूस त्या सकाळी अचानक घरचा कर्ता पुरुष होतो आणि चिंच, राख, भांडी घासायची पावडर, जे हाताला लागेल ते घेऊन इतिहासावर तुटून पडतो. वर ओलं कुंकू. वर नळीच्या तोंडावर अर्धं कापलेलं लिंबू. दसऱ्यानंतर माझ्याकडं जी रांग लागते ती बघून शेजारचा कांदेवाला विचारतो, "एनु अक्का, रेशन बंदिदिया?" काय अक्का, रेशन आलंय का म्हणून.

आता माणसं दोनच. नरसिंगअण्णा आणि पाटील.

नरसिंगअण्णा आमच्यासारखेच जुन्या बेंगळुरूचे मराठी, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त, हेब्बाळच्या तळ्याजवळ घर. बोलणं हळू, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि खिशात भिंग. पाटील निपाणीकडचे. बोम्मसंद्र्यात त्यांचा पंपाचे भाग बनवायचा कारखाना, आणि मागंच घर. बोलणं असं की लेथ चालू असली तरी ऐकू यावं. या दोघांची ओळख माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर झाली. एकमेकांच्या बंदुका बघून झाल्यावर दोघं उठायलाच तयार होईनात. पाटलांनी अण्णांना कारखाना दाखवला, अण्णांनी पाटलांना घरी जेवायला नेलं. तिथं पाटलांनी अण्णांची मुलगी रेखा बघितली, आणि आपला मुलगा आठवला. पत्रिका बघायच्या आधी या दोघांनी लग्न ठरवूनच टाकलं. मुलांना नंतर विचारलं, आणि नशीब म्हणजे मुलांनाही चाललं.

त्या सुमारास हुबळीकडच्या एका जुन्या सरदार घराण्याची अडगळ निघाली. त्यात दोन स्नायडर. दोघा व्याह्यांनी एकेक घेतली. पोलिसांच्या परवानग्यांसाठी काय काय केलं त्यावर वेगळा दिवाळी अंक निघेल, ते सोडा. अण्णांनी "तुम्ही आधी निवडा" म्हणत पाटलांना पुढं केलं, पाटलांनी "छे छे, तुम्ही थोरले" म्हणत अण्णांना पुढं केलं, आणि त्या नादात दोघांनी पाऊण दिवस घालवला. असे व्याही मी जन्मात बघितले नव्हते. दृष्ट लागेल म्हणून मी तसं बोललेही नाही. तरी लागलीच.

लग्नानंतरची पहिली खंडेनवमी. पाटलांच्या कारखान्यात पूजेच्या आदल्या दिवशी सगळ्या मशीन घासून पुसून लख्ख करतात, केळीचे खांब बांधतात. पाटलांना वाटलं, मशीनसारखी बंदुकीचीही हौस करावी. त्यांनी स्नायडर बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणायच्या चाकावर धरली. नळी, झाकण, घोडा, सगळं. दुसऱ्या दिवशी घरी सगळे पाहुणे जमले, आणि पाटलांनी व्याह्यांसमोर वरचा रेशमी रुमाल काढला. आत बंदूक, स्टीलच्या पेल्यासारखी लखलखीत.

अण्णांनी भिंग काढलं, परत खिशात ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पाटील, तुम्ही भांडी घासायच्या लायकीचे आहात."

हे हळू आवाजात म्हणाले म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. पाटील मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घरात उभं राहून आम्हाला बोलता होय ओ? आमची बंदूक, आम्ही घासू न्हाईतर वितळवू!" त्यापुढचं लिहीत नाही, अंक घरात लहान मुलंही वाचतात. अण्णा न जेवताच निघून गेले. तेव्हापासून या घरचा माणूस त्या घरी जाईना.

यात रेखाची चटणी झाली. तिला सातवा महिना लागला तेव्हा ती माझ्याकडं आली, नळ्यांच्या रांगेसमोर बसली आणि रडायलाच लागली. "अक्का, माझं एका पोटाचं दोनदा डोहाळजेवण झालं. अप्पा आमच्याकडं यायला तयार नाहीत, मामंजी तिकडं जायला तयार नाहीत. उद्या बाळ झालं की त्याचं बारसं पण दोनदा? दोन नावं ठेवू?"

मी म्हटलं, "दोन आजोबा शहाणे असते तर काही तरी बोलले असते एकमेकांशी."

"दोघंही रोज एकमेकांबद्दलच बोलतात, अक्का. अप्पा जेवताना म्हणतात, त्या माणसानं काय केलं असेल आता त्या बंदुकीचं! मामंजी म्हणतात, तुझा बाप काय मोठा तज्ज्ञ लागून गेला! दुसरा विषयच नाही. दोघांशी हे बोलणारं दुसरं कुणी नाहीये जगात. आम्हाला कुणाला त्यातलं कळतच नाही."

खरं होतं. बंदूक जमवणाऱ्याला बंदूक मिळते, पण बंदूक समजणारा दुसरा माणूस मिळत नाही. या दोघांना तो मिळाला होता, आणि एका बफच्या चाकापायी दोघं तो घालवून बसले होते. मी रेखाला कॉफी दिली. दुसरं माझ्याकडं तेव्हा काही नव्हतं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी दोन्ही स्नायडर माझ्याकडं आल्या. अण्णांचं झाकण ज्या खिळीवर फिरतं ती गंजून घट्ट बसलेली, आणि पाटलांच्या खिळीत बफची पावडर जाऊन अडकलेली. घेतल्यापासून दोघांनीही झाकण कधी पूर्ण उतरवलंच नव्हतं, त्यामुळं पोटातला नंबर कुणी बघितला नव्हता. मी उतरवली. अण्णांच्या काळ्या बंदुकीच्या नळीवर सतरा नंबर. झाकणाच्या पोटात बघते तर अठरा. पाटलांच्या चकचकीत नळीवर अठरा, आणि झाकणाच्या पोटात सतरा.

मी खुर्चीवर बसले आणि एकटीच हसत सुटले. हे कसं झालं असणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्या सरदाराची शिबंदी, नवमीचा आदला दिवस, सगळ्या बंदुका मांडीवर घेऊन बसलेले शिपाई. सगळी झाकणं काढून एकाच घंगाळात तेलात टाकली असतील. मग पूजेची घाई, भटजी ओरडतोय, आणि हाताला येईल ते झाकण येईल त्या नळीला. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या सतरा-अठराची तेव्हा जी अदलाबदल झाली ती झाली. गोऱ्या साहेबानं महिनोन् महिने घासून जुळवलेलं आपण एका नवमीत मोडून दाखवलं. कुणी म्हणेल, हा अंदाज आहे. असेल. पण आपल्या माणसांना मी ओळखते.

मालकाच्या शब्दाशिवाय मी एक स्क्रू हलवत नाही. म्हणून दोघांना वेगवेगळा फोन केला, "तुमच्या बंदुकीत एक बातमी सापडली आहे, शनिवारी सकाळी या." दोघांना वेळ मात्र एकच दिली. ते मुद्दाम.

अण्णा आधी आले. बसले. मग दारात पाटील.

"तुमच्याकडं गिऱ्हाईक हाय वाटतं, अक्का," पाटील म्हणाले. "मी नंतर येतो."

अण्णा कांद्याच्या गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "अक्का, त्यांना सांगा, मीच निघतोय."

"कुणी निघायचं नाही," मी म्हणाले. "कॉफी टाकली आहे, ती मी ओतून देणार नाही. बसा दोघंही. त्याच बाकावर. दुसरा नाहीये."

दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. मी कापडावर दोन्ही झाकणं पालथी ठेवली, शेजारी दोन्ही नळ्या ठेवल्या, आणि नंबर दाखवले. अण्णांनी भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग ते चकचकीत झाकण उचलून हातात धरलं.

"हे माझं?"

"हो अण्णा."

"याला बफ मारलाय."

"हो."

वर्षभरात अण्णा पहिल्यांदा पाटलांकडं वळले. "पाटील! तुम्ही माझं झाकण घासलंत!"

"आणि माझं झाकण तुमच्याकडं काजळी धरून बसलंय त्याचं काय ओ?" पाटील उसळले. "ना आंघोळ ना पांघोळ! अनाथासारखं ठेवलंय!"

"त्याला साय म्हणतात!"

"दुधावर असती ती साय! ही मळी हाय, मळी!"

मी मध्ये पडले. "स्वल्प ऐका. खिळी काढलेल्याच आहेत. आत्ता अदलाबदल करून देते. दोन्ही बंदुका पूर्ण होतील. सगळे नंबर जुळतील. आख्ख्या दक्षिणेत अशी जोडी नसेल."

मला वाटलं, आता दोघांचे डोळे भरून येतील. कसलं काय! दोघंही मनातल्या मनात अदलाबदल करून बघत होते. काळ्या बंदुकीला लखलखीत झाकण, लखलखीत बंदुकीला काळं. नंबर जुळणार, पण दिसायला जुन्या लुगड्याला नव्या जरीचं ठिगळ.

"नको," अण्णा म्हणाले. "तो पेला माझ्या बंदुकीवर नको."

"आम्हाला पण ती काजळी नको," पाटील म्हणाले.

"मग राहू दे तिथंच."

"राहू दे."

"पण आहे ते माझं!" अण्णा म्हणाले. "परवा नवमी आहे. तुम्ही माझ्या झाकणाला चिंच लावाल."

"लावणार. पूजा हाय. माझ्या घरात, माझ्या बंदुकीला—"

"झाकण माझं आहे! हात तर लावून बघा!"

"मग येऊन राखण करा की!"

"येणार! घाबरतो की काय?"

"या की! आणि मीबी येणार तुमच्याकडं! माझ्या झाकणाला तेलाचं बोट तरी लावतो!"

"या! सकाळीच या!"

"येणारच!"

असलं आमंत्रण मी आजवर बघितलं नव्हतं. दोघं हमरीतुमरीवर आले होते, दोघांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, आणि दोघं ओरडून ओरडून एकमेकांना घरी बोलावत होते. बाहेर कांदेवाल्याला वाटलं, खून पडतोय. तो आत डोकावला. मी त्याला म्हटलं, "काही नाही रे, व्याही आहेत."

नवमीच्या दुपारी रेखाचा फोन आला. "अक्का, अप्पा आलेत आमच्याकडं! हातात पांढरे मोजे घालून बंदुकीसमोर बसलेत, कुणाला जवळ येऊ देत नाहीत. मामंजी म्हणतायत, निदान कुंकू तरी लावू द्या. काय केलंत तुम्ही?"

"मी? झाकण काढलं," मी म्हणाले.

तेव्हापासून ही रीतच पडली. सकाळी पाटील तेलाची बाटली घेऊन हेब्बाळला हजर, आपल्या झाकणाच्या सेवेला. मग तिथून दोघं एकाच गाडीतून बोम्मसंद्र्याला, अण्णांच्या झाकणाच्या पूजेला. खंडेनवमीच्या दिवशी बेंगळुरू या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचं! रस्त्यावर जागोजागी फोडलेले कोहळे, बसला केळीची झाडं, लॉरीला झेंडूच्या माळा. त्या गर्दीत हे दोघं बंद काचांच्या गाडीत तासन् तास शेजारी बसून भांडत. पुढं बारसं एकच झालं, नावही एकच ठेवलं, आणि घुगऱ्या चांगल्या होत्या. रेखानं त्या दिवशी मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "मला कशाला, त्या घंगाळवाल्या शिपायाला कर."

तहही झाले हळूहळू. कुंकू थेट लोखंडावर नाही, खाली केळीच्या पानाचा तुकडा. फूल चालेल, पण देठ कोरडा. लिंबू दारातच. पाटील हे सगळं ओरडत, शिव्या देत, पण शब्दाला पक्के. त्यांनी त्या बंदुकीला पुन्हा कधी बफ दाखवला नाही. आणि लोखंड ते लोखंडच. बेंगळुरूची हवा त्याला लागली. दरवर्षी ती लखलखीत बंदूक थोडी थोडी मावळत गेली. अण्णा दर नवमीला भिंग लावून तपासत आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं सांगत, "यंदा स्वल्प धरलीय साय." पाटील म्हणत, "धरू दे. तुमच्या डोळ्यांत एकदाचा उजेड पडू दे." पण त्यांनीच मला एकदा फोन करून विचारलं होतं, "अक्का, ती साय लवकर धरायला काही औषध हाय का ओ?" मी म्हटलं, "वय होऊ द्या." ते म्हणाले, "कुणाचं?"

गेल्या नवमीला अण्णांनी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं, म्हणे, आणि म्हणाले, "सरी पाटील. आता ही बंदूक दिसायला लागली." पाटील हे मला तीनदा सांगून गेले. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे.

यंदा श्रावणात अण्णा गेले. झोपेतच. रेखाचा भाऊ परदेशात. त्यानं तिथून कळवलं, अप्पांची बंदूक रेखाकडं जाऊ दे. मग पुन्हा पोलीस, पुन्हा परवानग्या, आणि काळी स्नायडर बोम्मसंद्र्याला पाटलांच्या घरी आली. आमच्या या संग्राहक मंडळींना बातमी लागायला वेळ लागत नाही. सांत्वनाला आलेले लोक पाटलांच्या कानाशी लागून म्हणत, "आता काय, दोन्ही तुमच्याकडंच! जोडी पूर्ण करून टाका." प्रसंग काय, बोलतो काय! पण तेच तर. या लोकांच्या तोंडाला कुणी झाकण बसवलेलं नाही.

नवमीच्या आधी पाटील आणि रेखा दोन्ही बंदुका घेऊन आले. पाटलांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि बाकावर बसले. ओरडून काहीच बोलले नाहीत, तेव्हा मला जरा भीती वाटली. "जुळवा, अक्का," एवढंच म्हणाले. "सतराला सतरा, अठराला अठरा. लोक म्हणतायत तर होऊ दे."

मी खिळी काढल्या. कापडावर दोन्ही झाकणं ठेवली, पालथी. मग सुलटी केली. आणि माझ्याच लक्षात आलं, आता दोन्हींचा रंग जवळपास एकच झाला होता. एक जरा गडद, एक जरा फिकं, एवढंच. आता ठिगळ दिसणार नव्हतं. न जुळवायला काही निमित्तच उरलं नव्हतं. संग्राहकाला जे जे हवं असतं ते सगळं त्या कापडावर होतं.

मी सतराचं झाकण उचललं आणि अण्णांच्या नळीवर ठेवलं. बसलं, सुतभरही न हलता. इतक्या वर्षांनी आपल्या घरी आल्यासारखं बसलं. मी खीळ घालणार, एवढ्यात पाटील बोलले.

"अक्का, दोन्ही माझ्याच घरात आली."

"हो."

"मग आता नवमीला मी जाऊ कुठं?"

रेखानं तोंड फिरवलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मी ते झाकण परत काढलं. सतराचं अठरावर, अठराचं सतरावर. होतं तसं, चुकीचं. खिळी घातल्या, तेलाचं बोट फिरवलं. अण्णांच्या बंदुकीचं झाकण पूर्वीसारखं खुळखुळलं.

पाटलांनी आपली बंदूक उचलली, रेखाच्या हातात दिली. काळीला हात लावला नाही.

"ही इथं राहू दे, अक्का," ते म्हणाले. "नवमीला सकाळी येतो मी."

"या," मी म्हणाले. "मी वाट बघते."